निकाल चेहऱ्यावरही लिहिलेला असतो

प्रश्न : आमच्याकडे रब्बीत आठवड्यातले तीन-चार दिवस शेतीपंपाला रात्रीची लाईन असते. हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जावंच लागतं आणि भारताची डे-नाईट मॅच नेमकी तेव्हाच येते. वहिनी सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करून ठेवते. पण सकाळी डेअरीत दूध घालायला गेलो की निकाल कानावर पडतोच. मागच्या वेळी चुलत भावानं चौकातूनच ओरडून सांगितला. माझं डोकं फिरलं, नको ते बोलून गेलो. पंधरा दिवस झाले, आमचं बोलणं बंद आहे. आई म्हणते, ‘निकाल कळला तं काय बिघडलं? मॅच तं तेच हाय ना?’ मी खरंच अती करतो का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, मॅचच्या बाबतीत तुम्ही अती करत नाही. भावाच्या बाबतीत केलं, त्याकडे शेवटी येतो.

मी दारव्हा तालुक्यातला, रात्रीच्या लाईनवालाच. २ नोव्हेंबर २०२५ला महिला विश्वचषकाची फायनल होती, नवी मुंबईत, दक्षिण आफ्रिकेशी. माझी पोरगी शाळेच्या मैदानावर पोरांसोबत बॉलिंग करते. ती म्हणाली, बाबा, तुम्ही वावरात असाल तर मीही पाहणार नाही, सकाळी दोघं मिळून पाहू. चौदा वर्षांच्या पोरीनं त्या रात्री टीव्ही बंद ठेवून झोपायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तिनं रेकॉर्डिंगचा टायमर तीन ते अकरा लावला होता. दुपारी भाच्याचा फोन आला, तिकडे पाऊस आहे, सुरू व्हायला उशीर होणार. तिनं लगेच वेळ रात्री दोनपर्यंत वाढवली. मॅच तीनऐवजी पाचला सुरू झाली आणि संपता संपता बारा वाजले. अकराचाच टायमर राहिला असता तर शेवटचा खेळ गेलाच होता. म्हणून वहिनींना सांगा, ठरलेल्या वेळेच्या पुढे तीन तास ठेवाच, आणि आधी पेनड्राइव्ह रिकामा करा. वेळ वाढवून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. पुढे ढकलताना खाली किती रेकॉर्डिंग उरलं ते दिसतं. मॅच संपते तिथंच रेकॉर्डिंग संपत असेल, तर शेवटची ओव्हर चालू आहे हे ती पट्टीच सांगून टाकते. पुढे दोन तास भरताड असलं की काहीच कळत नाही.

मी तुरीला पाणी देत होतो. मोबाईलचा डेटा बंद, फोन फक्त बोलण्यापुरता. बाराच्या सुमारास गावाकडून फटाके ऐकू आले. दिवस तुळशीच्या लग्नाचे, फटाके तसे वाजतच होते, पण मध्यरात्री कोण तुळशीचं लग्न लावतं? छातीत धडधडायला लागलं. उठून पाईपाच्या तोंडाशी जाऊन बसलो, म्हणजे पाण्याच्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू येणार नाही. पहाटे चौकातून न जाता नाल्याच्या काठानं घरी आलो. फाटकाशी शेजारचा उभा, तोंड उघडणार तेवढ्यात आमची मंडळी आतून ओरडली, ‘काही बोलू नका भाऊजी, यायनं मॅच पाहिली नाही अजून!’ त्यानं हातानं तोंड दाबलं. पण डोळे हसत होते, ते कसे दाबणार?

म्हणून लोकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं, आणि नीट सांगावं लागतं. ‘निकाल सांगू नका’ एवढं पुरत नाही. ‘शेवटपर्यंत पाह्यजो बरं’ म्हटलं तरी सगळं कळतं. काहीच बोलू नका, असं सांगा. डेअरीत दूध त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा. आणि टीव्ही वहिनींनाच लावू द्या, कारण लावल्याबरोबर बातम्यांचं चॅनल समोर आलं तर सगळी रात्र वाया.

आता आईंचं म्हणणं. १८ जून १९८३ला, विश्वचषकात, इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेसमोर भारताचे १७ धावांत ५ गडी गेले आणि कपिल देवनं नाबाद १७५ काढल्या. त्या खेळाचं चित्रण नाही. निकाल सगळ्या जगाला ठाऊक, तरी ती खेळी पाहायला मिळाली तर आपण उपाशी बसू. म्हणजे आईंचं अर्धं खरं आहे. मलाही फटाक्यांवरून आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांवरून अंदाज आला होता. तरी अंदाज वेगळा आणि ठाऊक असणं वेगळं. त्या फायनलमध्ये भारताच्या २९८ धावा होत्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोलवार्ट शंभरी गाठून खेळत होती. दीप्ती शर्माच्या बॉलवर तिनं उंच मारला, अमनजोतच्या हातातून बॉल एकदा सुटला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा तिनं धरला. तेवढ्या वेळात पोरगी माझ्या दंडाला नखं रुतवून बसली होती. आधीच ठाऊक असतं तर ती नखं रुतली नसती. शेवटी हरमनप्रीतनं मागे पळत झेल घेतला, ५२ धावांनी जिंकलो, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि गावात दुसऱ्यांदा फटाके आमच्याच अंगणात वाजले.

राहिला चुलत भाऊ. तो तुमचा आनंद हिसकायला ओरडला नाही, भाऊ. जिंकल्याचा आनंद त्याच्या पोटात मावेना, आणि पहिले तुम्ही दिसले. तुम्ही रेकॉर्डिंग पाहणार आहात हे त्याला आधी सांगितलं होतं का? तुमच्या पत्रात तरी तसं नाही. आजच त्याच्या घरी जा. पंधरा दिवस खूप झाले. पुढच्या मॅचच्या सकाळी त्यालाही बोलवा. तो रात्री पाहून आलेला असेल तर टीव्हीच्या बाजूला बसवू नका, तुमच्या मागे बसवा, म्हणजे त्याचा चेहरा दिसणार नाही.