परदेशी नागरिकत्व असताना साताऱ्यात आधार कार्ड हरवलं तर पुन्हा कसं मिळवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं नागरिकत्व ऑस्ट्रेलियाचं आहे, ओसीआय (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं तो ओळखीचा दस्तऐवज) आहे आणि दीड वर्षापासून आईवडिलांजवळ साताऱ्यात राहता. राजवाड्याजवळच्या गर्दीत पर्स गेली, त्यात आधार कार्ड आणि मोबाईल दोन्ही होते. चौकशी केल्यावर कुणीतरी सांगितलं की परदेशी माणसाला डुप्लिकेट मिळत नाही, नव्यानं नोंदणी करावी लागेल. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की ओसीआयच्या जुन्या वहीचं पान सुटलंय, तिचं काय करायचं. पासपोर्ट आणि ओसीआय घरी कपाटात आहेत हे वाचून माझा जीव भांड्यात पडला.

मी सांगलीची. जन्म, शाळा, कॉलेज सगळं इथलं. नंतर अमेरिकेत गेले, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि २०१७ मध्ये परत आले. म्हणजे कागदोपत्री मी माझ्याच गावात परदेशी आहे. या सगळ्यातून मी स्वतः गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते नव्यानं नोंदणीचं डोक्यातून काढून टाका. आधार म्हणजे तो बारा आकडी क्रमांक. कार्ड हा त्याचा नुसता छापील कागद, तो हरवला तरी क्रमांक जागेवरच असतो. दुसऱ्यांदा नोंदणी केलीत तर तुमच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं आधीच्या नोंदीशी जुळतील आणि अर्ज फेटाळला जाईल. त्यात जाणारे आठवडे वेगळेच. परदेशी असण्याचा इथे काही संबंध नाही. कायद्यात आधार 'रहिवाशाला' मिळतं, म्हणजे अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत जो १८२ दिवस किंवा जास्त इथे राहिला त्याला. नागरिकत्वाचा तो पुरावा नव्हे, हे कायद्यातच लिहिलंय. तेव्हा तुम्हाला ते रीतसर मिळालेलं आहे आणि त्याची प्रत मागायचा पूर्ण हक्क आहे.

तुमची खरी अडचण मोबाईलची आहे. आधारच्या संकेतस्थळावर हरवलेला क्रमांक शोधायची सोय आहे, पण ओटीपी नोंदवलेल्या मोबाईलवर किंवा ईमेलवर येतो. म्हणून सुरुवात पोलिस ठाण्यापासून करा. पर्समधली प्रत्येक वस्तू आणि फोनचा आयएमईआय क्रमांक (खोक्यावर किंवा बिलावर असतो) लिहून गहाळ झाल्याची नोंद करा आणि शिक्क्याची प्रत घ्या. चोरीचीच खात्री असेल तर तसं स्पष्ट सांगा, 'हरवलं असेल' असं बोलून मोकळ्या होऊ नका. ती प्रत हातात आली की संचार साथी या सरकारी पोर्टलवर हँडसेट बंद करता येतो. बँकेलाही त्याच दिवशी कळवा. हे आधारच्या आधी करा, कारण तुमचा फोन आणि तुमचं आधार एकाच माणसाच्या हातात असू शकतं.

मग पासपोर्ट आणि ओसीआय घेऊन सिमकार्ड कंपनीच्या दुकानात जा आणि त्याच नंबरचं दुसरं सिम घ्या. नवं सिम सुरू झाल्यावर चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात. फसवणूक टाळायला केलेला नियम आहे तो. तोवर ओटीपी येणार नाही, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी नाव आणि मोबाईल नंबर टाकून आधार क्रमांक परत मिळवा आणि ई-आधार उतरवून घ्या. फाईल उघडायचा पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. हे ई-आधार कायद्यानं मूळ कार्डाइतकंच ग्राह्य आहे. पाकिटात ठेवायला प्लास्टिकचं हवं असेल तर तिथेच मागवा. शुल्क शंभराच्या आत आहे आणि स्पीड पोस्टानं घरी येतं. झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकवर छापून घेऊ नका. त्यावर सुरक्षेच्या खुणा नसतात आणि तुमची फाईल त्या दुकानाच्या संगणकात राहते.

आणि नंबरच हाताशी नसेल तर? माझं नेमकं तेच झालं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. इशारा पातळी ४० ची, धोक्याची ४५ ची. आमचं घर गावभागात. आईला दुसऱ्या मजल्यावर नेताना तिची औषधं घेतली, देवातला बाळकृष्ण घेतला, कागदांची पत्र्याची पेटी मात्र खालीच राहिली. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत गाळ. आधारचा लगदा झाला होता, ओसीआयची वही फुगून पानं एकमेकांना चिकटली होती. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा. ते गेल्यावर तो बंद झाला होता आणि बदलून घ्यायचं मी पुढे पुढे ढकलत राहिले होते. ओटीपी जाणार कुठे?

त्यावर उपाय सोपा निघाला. आधार केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे दिले की नोंद सापडते आणि छापील प्रत मिळते. त्या दिवसांत केंद्रावर निम्मी सांगली उभी होती. प्रत्येकाच्या हातात ओल्या कागदांची पिशवी. माझ्यापुढे एक आजोबा होते, शेतात राबून त्यांच्या बोटांच्या रेषाच गेलेल्या. केंद्रावरच्या मुलीनं धीर दिला, बुबुळांवरून शोधलं आणि त्यांचं नाव पडद्यावर आलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा बारा आकडी नंबर पुरात वाहून जात नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे. मोबाईल नंबरही तिथेच बदलून घ्या, एका खेपेत काम होतं. स्वतःचाच नंबर द्या, घरातल्या दुसऱ्या कुणाचा नको.

आता केंद्रावरची एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०२४ मध्ये मी पत्ता बदलायला गेले होते. तोवर परदेशी रहिवाशांचे अर्ज वेगळे झाले होते, अठरा वर्षांवरच्यांसाठी सात नंबरचा फॉर्म. खिडकीतल्या मुलानं माझं नाव वाचलं, माझी भाषा ऐकली आणि भारतीयांचा फॉर्म पुढे केला. म्हणाला, "काकू, तुम्ही तर आपल्या गावभागातल्याच की. कशाला त्या परदेशी भानगडीत पडताय? हाच भरा, लवकर होईल." त्यानं ते आपुलकीनं म्हटलं होतं. आणि खरं सांगते, ऐकून घशात आवंढा आला. तो म्हणाला ते मला खरं असायला हवं होतं. पण मी फॉर्म परत केला आणि दुसरा मागितला.

तुमच्या बाबतीतही हे होईल. साताऱ्यात तुमचं आडनाव ऐकून कुणाला ऑस्ट्रेलिया आठवणार नाही. तरी चुकीच्या फॉर्मवर सही करू नका. एका कागदावर भारतीय लागलं की त्याच्या आधारानं दुसरा कागद बनतो, आणि उद्या मतदार यादीत नाव आलं तर निस्तरताना नाकी नऊ येतील. ओसीआय असलेल्याला मताचा अधिकार नाही. आपण खरं नागरिकत्व सांगतो म्हणून आपलं गाव आपल्याला परकं करत नाही.

नव्या नियमात परदेशी रहिवाशाच्या आधारला मुदत असते, हेही बघून ठेवा. ओसीआय असेल तर दहा वर्षं, व्हिसावर असलेल्याला व्हिसा असेपर्यंत. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांनाही दहा वर्षं. प्रत हातात आली की त्यावर तारीख आहे का ते पाहा. तुमच्या जागी कुणी व्हिसावर राहत असेल आणि त्याचं पासपोर्टसकट सगळं गेलं असेल, तर क्रम निराळा. आधी पोलिस, मग त्याच्या देशाची वकिलात, मग ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) व्हिसा नव्या पासपोर्टवर चढवणं. आधार शेवटी. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलिस अधीक्षक कार्यालय बघतं. ओसीआयवाल्यांना ती नोंदणी लागत नाही, म्हणून तुम्हाला तिथे जायचं कारण नाही.

राहिली तुमची वही. पान सुटलंय म्हणजे ती खराब झालेली धरतात, हरवलेली नाही, त्यामुळे पोलिसांचा दाखला नको. फेव्हिकॉलनं चिकटवू मात्र नका. मी पुरानंतर पानं सोडवायला इस्त्री फिरवली आणि फोटोचं पानच करपलं. ओसीआयच्या संकेतस्थळावर 'मिसलेनियस' सेवांमध्ये अर्ज भरा. मी भरलं तेव्हा खराब झालेल्या वहीसाठी ५,५०० रुपये लागले. आपल्याकडचा अर्ज मुंबईच्या एफआरआरओ कार्यालयात जातो आणि मूळ वही द्यावी लागते, म्हणून आधी तिच्या पानापानाची स्पष्ट प्रत काढून ठेवा. आणि आधारचं काम पुरतं झाल्यावरच वही पाठवा. दोन्ही एकदम हातातून गेली तर केंद्रावर दाखवायला फक्त पासपोर्ट उरेल.

मुंबईला जायचं झालं तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा. रात्री साताऱ्यात बसलात की सकाळी सीएसएमटी. कार्यालय सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. सातारा स्टेशन गावापासून लांब आहे, रात्री रिक्षा आधी सांगून ठेवा. आईवडिलांजवळ त्या रात्रीपुरतं कुणाला तरी थांबायला सांगा. मी शेजारच्या वहिनींना सांगितलं होतं, म्हणून रांगेत निवांत उभी राहू शकले.