डिस्नीचे पॉइंट भाड्याने घ्यावेत का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सुट्टीच्या खर्चाबद्दल लिहिताना डिस्नीच्या पॉइंट्सचा जाता जाता उल्लेख केला होता, त्यावर इतके मेल आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखेच होते ते एकत्र केलेत.

नमस्कार ताई, आम्ही चौघं, मुलं ६ आणि ९ वर्षांची. नोव्हेंबरात शाळेला सुट्टी असते तेव्हा डिस्नी वर्ल्डला जायचा विचार आहे. तिथल्या ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलचे (खोलीतून जिराफ दिसतात ते) रेट बघून घामच फुटला. ऑफिसातली मैत्रीण म्हणते कोणाचे तरी डीव्हीसीचे पॉइंट भाड्याने घे, निम्म्यात काम होतं. हे नक्की काय असतं आणि त्यात काही काळंबेरं तर नाही ना?
— एडिसन, न्यू जर्सी

काळंबेरं नाही, पण समजून न घेता उडी मारण्यासारखंही नाही. डीव्हीसी म्हणजे डिस्नी व्हेकेशन क्लब, डिस्नीचा स्वतःचा टाइमशेअर, १९९१ पासून चालू आहे. लोक एकदा मोठी रक्कम भरून पॉइंट विकत घेतात, मग दरवर्षी तेवढे पॉइंट खात्यात येतात आणि ते वापरून डिस्नीच्या डीलक्स रिसॉर्टमधल्या खोल्या बुक करता येतात. आता होतं काय, एखाद्या वर्षी त्यांना जायला जमत नाही, मुलं कॉलेजला गेलेली असतात, पण मेंटेनन्सचं बिल तर दरवर्षी येतंच आणि पॉइंट न वापरता ठेवले तर मुदत संपून वाया जातात, मग ते म्हणतात तुम्ही जा, आम्हाला पैसे द्या. मालक त्याच्या खात्यातून तुमच्या नावावर खोली बुक करतो, तुम्ही जाऊन चेक-इन करता, झालं.

भाव पॉइंटवर असतो, सध्या साधारण २० डॉलरच्या आगेमागे एक पॉइंट, रिसॉर्ट आणि सीझनप्रमाणे कमीजास्त. आता हिशोब बघा. समजा तुम्हाला हव्या त्या स्टुडिओला (म्हणजे एकच खोली) रविवार ते गुरुवार रोज १४ पॉइंट लागतात आणि शुक्रवार-शनिवार १६ (वीकेंडला जास्त लागतात, म्हणून रविवारी जाऊन शुक्रवारी परतणारे शहाणे), तर सात रात्रींचे १०२ पॉइंट, २१ डॉलरने २१४२ डॉलर. तीच खोली डिस्नीकडून रोजची ५०० ला धरली तर वर तिथला साडेबारा टक्के टॅक्स लागून आठवड्याचे ३९०० च्या वर जातात. पॉइंटच्या बुकिंगवर फ्लोरिडात तो टॅक्स सहसा वेगळा पडत नाही, हा फायदा लोक मोजायलाच विसरतात. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमच्या तारखांचे खरे पॉइंट डिस्नीच्या पॉइंट चार्टवर दिसतील, तो चार्ट कोणालाही बघता येतो, आधी तो बघा आणि मगच कोणाशी बोला.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा निम्म्याचा हिशोब डीलक्स खोलीशी तुलना केली तरच खरा आहे. तुम्ही एरवी बाहेर हायवेवरच्या १२० डॉलरच्या हॉटेलात राहिला असता, नाश्ता फुकट, तर पॉइंट घेऊन तुमचा एक पैसाही वाचत नाही, उलट जास्तच जातात. ज्यांना जिराफ दिसणारी बाल्कनी हवीच आहे त्यांच्यासाठी ही सोय, आणि तुम्ही ॲनिमल किंगडम लॉजचंच नाव काढलंय म्हणजे तुम्हाला ती हवीय असं धरते :)

आता तुमची खरी अडचण तारखांची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला टीचर्स कन्व्हेन्शनमुळे न्यू जर्सीच्या शाळा गुरुवार-शुक्रवार बंद, आणि अर्धी जर्सी त्याच आठवड्यात ऑर्लँडोला, तिथले लोक त्याला जर्सी वीकच म्हणतात. डीव्हीसीचा नियम असा की मालकाला स्वतःच्या होम रिसॉर्टला (ज्या रिसॉर्टचे पॉइंट त्याने विकत घेतलेत ते) ११ महिने आधी बुकिंग करता येतं, बाकीच्या रिसॉर्टला ७ महिने आधी. तेव्हा नोव्हेंबरसाठी तुम्ही आदल्या डिसेंबरातच ॲनिमल किंगडम हेच होम रिसॉर्ट असलेला मालक शोधून ठेवायला हवा, त्यातही सगळ्यात स्वस्त व्हॅल्यू स्टुडिओ अगदी थोडे आहेत ते बुकिंग उघडल्या उघडल्या जातात. एप्रिलमध्ये जागे झालात तर जे उरलंय ते घ्यायचं.

आणि हो, पार्कची तिकिटं यात नसतात, ती वेगळी. मालकांना मिळणारी तिकिटांवरची सवलत तुम्हाला मिळत नाही. पण रिसॉर्टच्या पाहुण्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात ते तुम्हालाही लागू, काही ठरावीक रात्री डीलक्सवाल्यांना पार्क बंद झाल्यावर जास्त वेळ थांबता येतं तेही, आणि लाइटनिंग लेन (जास्तीचे पैसे भरून राइडची छोटी रांग) बाहेरच्यांना ३ दिवस आधी बुक करता येते ती तुम्हाला ७ दिवस आधी.

आम्ही उन्हाळ्यासाठी पॉइंट घ्यायचे ठरवलेत पण ब्रोकर म्हणतो पैसे परत मिळणार नाहीत. सासऱ्यांची तब्येत वरखाली असते. खरंच काहीच परत मिळत नाही का?
— प्लानो, टेक्सस

बहुतेक वेळा नाही. इथेच लोक गंडतात म्हणून जरा सविस्तर सांगते. डिस्नीकडून नुसती खोली थेट बुक केली तर एका रात्रीचे पैसे भरून ठेवायचे आणि पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत. भाड्याच्या पॉइंटमध्ये सगळे किंवा बरेचसे पैसे आधीच जातात आणि गेले ते गेले. मालक वाईट असतो म्हणून नाही हो. त्याने तुमच्यासाठी पॉइंट अडकवलेले असतात, तुम्ही उशिरा रद्द केलं, चेक-इनला ३० दिवस किंवा त्याहून कमी उरले असताना, तर ते पॉइंट एका होल्डिंग खात्यात जातात आणि त्यातून फक्त पुढच्या ६० दिवसांतलं बुकिंग करता येतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने जवळजवळ गेलेच. त्याआधी रद्द झालं तर पॉइंट त्याच्या खात्यात परत येतात, पण त्यांची मुदत जवळ आली असेल तर त्यालाही काही उपयोग नाही.

म्हणून तुमच्या केसमध्ये इन्शुरन्स घ्या, आणि साधा नाही. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये आधीपासूनचं आजारपण वगळलेलं असू शकतं, ते लागू व्हायला पॉलिसी पहिले पैसे भरल्यापासून ठरावीक दिवसांत घ्यावी लागते, दोन-तीन आठवडेच देतात. कुठल्याही कारणाने रद्द करता येईल अशीही पॉलिसी मिळते, महाग असते, पूर्ण पैसे देत नाही पण बरेच देते. आणि पॉलिसी घेण्याआधी विचारा की भाड्याच्या टाइमशेअरचे पैसे त्यात धरतात का, हे लेखी विचारा. उन्हाळा म्हणताय तर १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेन सीझन असतो हेही डोक्यात असू द्या.

सासऱ्यांचं खरंच अनिश्चित असेल तर माझं मत असं की यंदा डिस्नीकडून थेट बुक करा, डिस्नी स्वतःच अधूनमधून खोल्यांवर बरी सूट देतं ती मिळाली तर फरक कमी होतो, आणि रात्री झोप तरी लागते.

पुण्याहून आई-बाबा, सासू-सासरे आणि आम्ही चौघं, असे आठ जण. एकाच ठिकाणी सगळ्यांना राहता येईल असं काही मिळतं का? आईचे गुडघे दुखतात. स्वयंपाकघर हवं.
— सनीव्हेल, कॅलिफोर्निया

याच्यासाठीच तर डीव्हीसी. टू-बेडरूम व्हिलात आठ-नऊ माणसं मावतात, पूर्ण किचन, भांडी, डिशवॉशर, वॉशर-ड्रायर सगळं घरात. स्टुडिओत फक्त मायक्रोवेव्ह, टोस्टर, छोटा फ्रीज, तेव्हा वरण-भात करायचा असेल तर स्टुडिओ नको. (फोडणी देताना एक्झॉस्ट लावा, स्मोक अलार्मची आणि मोहरीची जुनी दुश्मनी आहे.) टू-बेडरूमला स्टुडिओच्या अडीच-तीनपट पॉइंट लागतात, तरी तीन-चार हॉटेलच्या खोल्या घेण्यापेक्षा बऱ्याचदा परवडतं.

कुठलं घ्यायचं? ओल्ड की वेस्ट हे सगळ्यात जुनं, खोल्या सगळ्यात ऐसपैस आणि पॉइंट त्या मानाने कमी, म्हणून सगळे तेच सुचवतात, पण तिथे मोजक्या बिल्डिंगा सोडल्या तर लिफ्टच नाही! आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, तळमजल्याची विनंती करता येते पण ती विनंतीच, खात्री नाही. मी तुमच्या जागी असते तर ॲनिमल किंगडमची किदानी व्हिलेज बघितली असती. तिथे टू-बेडरूमला तीन बाथरूम असतात, आठ माणसं आणि सकाळी पार्कला आठच्या आत निघायचंय, तिसऱ्या बाथरूमची किंमत तुम्हाला पहिल्याच सकाळी कळेल. बाबांना बाल्कनीत चहा घेऊन झेब्रे बघत बसवा, ते पार्कात यायचं नावच काढणार नाहीत. सव्हाना व्ह्यू असलेलीच खोली घ्या, स्टँडर्ड व्ह्यूमधून प्राणी दिसतील याची गॅरंटी नसते. खाली सना नावाचं रेस्टॉरंट आहे, भारतीय-आफ्रिकन धाटणीचं, तिथली ब्रेड सर्व्हिस म्हणजे नान वगैरे आणि सोबत चटण्यांच्या वाट्यांची रांग, शाकाहारी सासू-सासऱ्यांचाही प्रश्न सुटतो.

फक्त हाऊसकीपिंग रोज नसतं हे आधीच सांगून ठेवा. आठ रात्रींपेक्षा कमी मुक्कामाला चौथ्या दिवशी कचरा आणि टॉवेल, बस. बेड आपापले आवरायचे.

आणि एक, आई-बाबांचा व्हिसा अजून झाला नसेल तर त्यांना धरून पॉइंटचे पैसे भरू नका. ११ महिने आधी बुकिंगच्या नादात लोक आधी पैसे भरतात आणि मग व्हिसाच्या तारखेची वाट बघत बसतात. पासपोर्टवर शिक्का बसला की मग, तेव्हा मिळेल ते रिसॉर्ट.

अनोळखी माणसाला दोन-तीन हजार डॉलर द्यायचे म्हणजे भीती वाटते. खरं बुकिंग झालंय हे कसं ओळखायचं?
— टोरोंटो

भीती वाटतेय ते बरंच आहे. मालक बुकिंग करतो तेव्हा तुमच्या नावाचा कन्फर्मेशन नंबर येतो, तो डिस्नीच्या ॲपमध्ये टाकला की बुकिंग तुमच्या खात्यात दिसतं, तारखा, खोलीचा प्रकार, नावं सगळं ताडून बघा. नाव आयडीवर आहे तसंच हवं.

पण ॲपमध्ये दिसतंय म्हणजे ते तुमच्या ताब्यात आलं असं नाही. हे मामाच्या नावावरच्या गॅस कनेक्शनसारखं आहे, सिलिंडर तुमच्या घरी येतो पण एजन्सीला फोन केलात की ते म्हणणार ज्यांच्या नावावर आहे त्यांना बोलायला सांगा. बदल करायचा असो, रद्द करायचं असो, सगळं मालकाच्या हातात, आणि पैसे घेऊन त्याने उद्या रद्द केलं तर डिस्नी मध्ये पडत नाही. म्हणून पहिल्यांदा घेताय तर ब्रोकरकडून घ्या, पॉइंटमागे थोडे जास्त जातात पण लेखी करार असतो आणि बरेच ब्रोकर मालकाला सगळे पैसे आधी देत नाहीत, काही हिस्सा तुम्ही चेक-इन केल्यावर देतात, त्यामुळे मालकही नीट वागतो. थेट मालकाकडून घेणार असाल तर करार करा, क्रेडिट कार्डने किंवा तक्रार करता येईल अशा मार्गाने पैसे द्या. झेलने (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवा, मित्राला पाठवल्यासारखे पाठवा असं कोणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करा.

एकच माणूस डझनावारी खोल्या भाड्याने देत असेल तर तिथेही जरा थांबा. सभासदाने स्वतःचे पॉइंट अधूनमधून दुसऱ्याला देणं चालतं, पण त्याचा धंदा करायला डीव्हीसीच्या करारातच मनाई आहे.

तारखांचं तुमचं काही बंधन नसेल तर आधीच झालेली बुकिंगं मिळतात ती बघा. मालकाने स्वतःसाठी केलेलं असतं, जाता येत नाही, पॉइंटही परत येऊन उपयोग नाही, मग तारीख जवळ येईल तसा भाव उतरवतात. त्यात घासाघीस करायला काही हरकत नाही.

टाइमशेअरचं ९० मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐका आणि पार्कची तिकिटं स्वस्तात घ्या अशी ऑर्लँडोत ऑफर आलीये. जावं का?
— अटलांटा

सुट्टीतली अर्धी सकाळ जाते आणि ९० मिनिटं कधी ९० राहत नाहीत. नवरा-बायकोपैकी एकालाही नाही म्हणता येत नसेल तर जाऊच नका. गेलात आणि सही करून बसलात तर फ्लोरिडाच्या कायद्याने १० दिवसांच्या आत करार रद्द करता येतो, लेखी कळवावं लागतं, फोनवर सांगून भागत नाही. तो कागद सुटकेसच्या तळाशी जाऊ देऊ नका.

पार्कात घरचा डबा नेऊ देतात का? दोन्ही मुलांना तिथलं काही आवडत नाही.
— शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

नेऊ देतात. पराठे, ठेपले, चिवडा, पुरणपोळी, काय हवं ते न्या, बॅग तपासतात तेवढंच. काचेची बाटली चालत नाही त्यामुळे लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत घ्या, सुटा बर्फही चालत नाही, कूलरमध्ये आइस पॅक ठेवा. पाणी मात्र विकत घेऊ नका, क्विक सर्व्हिसच्या (काउंटरवर ऑर्डर देऊन खायच्या ठिकाणांच्या) काउंटरवर मागितलं की गार पाण्याचा ग्लास फुकट देतात.