‘हिस्तेमि’ पाठ करण्याआधी

कोष्टक सुरुवातीपासून शेवटपर्यंत घोकू नका. या प्राचीन ग्रीक क्रियापदाच्या रूपांचे आधी दोन गट करा: ‘उभे करणे’ आणि ‘उभे राहणे’. वर्तमानातलं हिस्तेमि, भविष्यातलं स्तेसो आणि पहिला आओरिस्ट (ग्रीकमधला साधा भूतकाळ) एस्तेसा ही सकर्मक रूपं, म्हणजे मी काहीतरी उभं करतो, करीन, केलं. दुसरा आओरिस्ट एस्तेन म्हणजे मी स्वतः उभा राहिलो. हेस्तेका दिसायला पूर्णकाळ, पण अर्थ चक्क वर्तमानाचा: मी उभा आहे. इथे नवखे हमखास ‘उभा राहिलो होतो’ असं भाषांतर करून बसतात.

खरी गंमत तृतीयपुरुषी अनेकवचनात आहे. दोन्ही आओरिस्टांचं रूप एकच, एस्तेसान. त्यांनी उभं केलं की ते उभे राहिले? वाक्यात कर्म शोधा, दुसरा उपाय नाही.

शाळेतलं संस्कृत थोडं आठवत असेल तर काम निम्म्यावर येतं. धातू आपला ‘स्था’च. ‘तिष्ठति’मध्ये जसं द्वित्व, म्हणजे धातूच्या आरंभाची पुनरावृत्ती, आहे तसंच इथेही, मूळच्या ‘सिस्तामि’तल्या पहिल्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ झाला. एस्तेनशेजारी लुङ् लकारातलं, म्हणजे संस्कृतच्या एका भूतकाळातलं, ‘अस्थाम्’ ठेवून बघा, आरंभी जोडलेल्या ‘ए’/‘अ’ या आगमासकट जुळतं. फक्त ‘तिष्ठति’ अकर्मक आणि हिस्तेमि सकर्मक, एवढं ध्यानात असू द्या.

उपसर्ग लागलेली रूपं नंतर घ्या. पण आनेस्ते, ‘तो उठला’, आत्ताच ओळखून ठेवा. बायबलच्या नव्या करारात ते वारंवार भेटेल.