परांगदा नव्हे, परागंदा!

क्रांतिकारक दुर्गाभाभी व्होरा यांच्यावरच्या एका लेखात ‘पती गेल्यावर त्या परांगदा झाल्या’ असं वाक्य वाचून एका वाचकाने तीन शंका विचारल्या आहेत. शब्द परांगदा की परागंदा? बाईच्या बाबतीत ‘परागंदी’ म्हणायचं का? आणि फरार, भूमिगत, परागंदा यांत फरक काय?

परागंदा. अनुस्वार ‘ग’वर, ‘रा’वर नाही. ‘परांगदा’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. व्यासपीठावरचे वक्ते तसं म्हणतात, बातम्या देणारे तसं म्हणतात. ‘पर’ आला, ‘अंग’ आलं, वर रामायणातला अंगद हाताशी आहेच, म्हणजे शब्द संस्कृतच असणार, अशी समजूत. एका विद्वानांनी तर मला ‘परक्याचं अंगण धरतो तो परांगदा’ अशी व्युत्पत्ती ऐकवली.

शब्द फारसी आहे. ‘परागंदन’ म्हणजे विखुरणं, उधळणं. त्याचं भूतकाळवाचक विशेषण ‘परागंदा’, म्हणजे विखुरलेला. उर्दूत आजही मन परागंदा होतं, ते काही पळून जात नाही! आता खरी गंमत. ‘बस्तन’ म्हणजे बांधणं, आणि त्याच साच्यातून निघालेला ‘बस्ता’ म्हणजे बांधलेलं. कचेरीतल्या कागदांचा बस्ता तोच, आणि लग्नाचा बस्ता बांधायला आपण पेठेत जातो तोही तोच. म्हणजे बस्ता आणि परागंदा ही एकाच घरातली दोन भावंडं, एक बांधलेलं, दुसरं उधळलेलं. मराठीने दोघांनाही ठेवून घेतलं आणि त्यांचं नातं विसरून गेली.

मग विखुरलेला हा पळून गेलेला कसा झाला? कोश ‘देशोधडीस लागलेला’, ‘पळून गेलेला’ एवढं सांगून मोकळे होतात, मधली पायरी गाळतात. माझं मत असं, की हा शब्द आधी समूहाचा होता. जुन्या कागदांत रयत परागंदा होते, गाव परागंदा होतो. दुष्काळ पडला, फौज आली की माणसं वाट फुटेल तिकडे गेली. गाव विखुरला म्हणजेच गाव ओस पडला. पुढे त्या गावातला एकटा माणूसही परागंदा म्हणवला जाऊ लागला. एकटा माणूस विखुरणार कसा, असं कोणी विचारलं नाही. काही जाणकारांना माझी ही उपपत्ती पटत नाही. त्यांनी पेशवेकालीन पत्रव्यवहार उघडून बघावा, मग बोलू.

‘परागंदी’ नको. तो परागंदा झाला, ती परागंदा झाली, ते परागंदा झाले. जशी ती रवाना होते, फिदा होते. गंदा-गंदीशी याचा काडीचा संबंध नाही.

आता दुर्गाभाभी. डिसेंबर १९२८मध्ये लाहोरात भगतसिंग आणि राजगुरूंच्या गोळ्यांनी साँडर्स हा इंग्रज पोलीस अधिकारी मारला गेल्यावर त्या भगतसिंगांच्या पत्नी बनून आगगाडीत बसल्या. बरोबर तीन वर्षांचा मुलगा शची, आणि नोकराच्या वेषात आपले खेडचे राजगुरू. स्टेशनावर पोलिसांचा पहारा असताना हे ‘कुटुंब’ साहेबी थाटात निघालं. राजगुरू वाटेत लखनौला वेगळे झाले, बाकीचे कलकत्त्याला पोचले. या प्रवासाला ‘दुर्गाभाभी फरार झाल्या’ म्हणणारेही भेटतात! फरार व्हायला आधी पोलीस मागावर लागावे लागतात. ते भगतसिंगांच्या आणि राजगुरूंच्या मागावर होते. बाई नवरा-मूल-नोकर घेऊन चारचौघांत चालली होती. ते तर बस्ता बांधून निघणं झालं.

परागंदा व्हायची वेळ पुढे आली. २८ मे १९३० रोजी रावीच्या काठी बाँबची चाचणी घेताना पती भगवतीचरण गेले. भगतसिंगांना तुरुंगातून सोडवण्याच्या बेतासाठी तो बाँब होता. लेकरू दुसऱ्यांच्या भरवशावर ठेवून त्याच ऑक्टोबरात दुर्गाभाभी मुंबईत आल्या आणि लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्यासमोर साथीदारांबरोबर त्यांनी गोळ्या झाडल्या. टेलर नावाचा सार्जंट आणि त्याची बायको जखमी झाली. इथून पुढे त्यांना खुशाल फरार म्हणा. २७ फेब्रुवारी १९३१ला अलाहाबादेत चंद्रशेखर आझाद पडले, २३ मार्चला लाहोरात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव हे तिघे फासावर गेले. नवरा रावीकाठी, पोर कुणाच्या घरी, क्रांतिकारकांच्या संघटनेतले उरलेसुरले कुठेकुठे. फारसी अर्थाने परागंदा हे असं असतं. तेव्हा त्या लेखकाने अनुस्वार चुकवला, पण शब्द मात्र नकळत अचूक निवडला, हे मला कबूल करावं लागतं. १९३१मध्येच लाहोरात त्यांना अटक झाली. पुढे १९४०मध्ये लखनौला त्यांनी लहान मुलांसाठी माँटेसरी शाळा काढली.

भूमिगत राहिलंच. तो इंग्रजीवरून बेतलेला शब्द. बेचाळीसच्या चळवळीत अरुणा असफ अली, उषा मेहता यांच्यामुळे तोंडोतोंडी झाला. लपून काम चालू ठेवतो तो भूमिगत. नगरपालिकेने गटारांनाही तेच विशेषण लावल्यापासून मला तो वापरवत नाही.