वाचकांचे प्रश्न : स्वतःच्याच घड्याळाला प्रमाण मानणारा सर्व्हर

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात दोन वजनकाटे, हजेरीची यंत्रे, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग आणि हिशेबाचा सर्व्हर अशी साठेक यंत्रे एका अंतर्गत नेटवर्कवर आहेत. सुरक्षेसाठी या नेटवर्कला इंटरनेट मुद्दामच दिलेले नाही. गेल्या गळीत हंगामात एका ट्रॅक्टरच्या पावतीवर रिकाम्या गाडीच्या वजनाची वेळ भरगाडीच्या वजनाच्या आधीची छापली गेली आणि शेतकऱ्याने ती पावती थेट कार्यकारी संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आता एका लिनक्स सर्व्हरचे स्वतःचे घड्याळ प्रमाण धरायचे आणि बाकी सर्व यंत्रांनी एनटीपीद्वारे (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने) त्याच्याकडून वेळ घ्यायची, असा आमचा विचार आहे. हे योग्य ठरेल का?
— संगणक विभागातील एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ठरेल, मात्र त्यातून आपल्याला नेमके काय मिळणार आहे, हे आधी मनाशी पक्के करावे. अशा रचनेत मिळते ती यंत्रांची आपसातली एकवाक्यता. खरी वेळ मिळत नाही. आपली तक्रार पावतीवरील क्रमाविषयी आहे आणि क्रमासाठी एकवाक्यता पुरेशी असते. दोन्ही काट्यांचे संगणक एकाच घड्याळावर चालत असतील, तर ते घड्याळ तीन मिनिटे पुढे असले तरी गव्हाणीत ऊस रिकामा करून आलेल्या ट्रॅक्टरचे वजन भरगाडीच्या वजनानंतरच नोंदले जाईल. उद्या कारखान्यात चोरी झाली आणि कॅमेऱ्यातील वेळ बाहेरच्या कोणाच्या मोबाइलच्या नोंदींशी ताडून पाहायची वेळ आली, की मात्र ही तीन मिनिटे आडवी येतील.

जुन्या काळी लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यात सोडली की चोवीस मिनिटांनी बुडे आणि एक घटिका मोजली जाई. ती वाटी काळ चोख मोजत असे, पण मोजायला कोठून सुरुवात करायची, हे तिला सूर्याकडूनच कळे. सूर्यबिंब क्षितिजाला लागलेले पाहूनच भटजी ती पाण्यावर सोडीत. संगणकाच्या घड्याळाचेही तसेच आहे. त्यातील स्फटिक ठोके मोजतो, आत्ता किती वाजले हे त्याला बाहेरून कोणीतरी सांगावे लागते.

शिवाय संगणकात घड्याळे दोन असतात, आणि या विषयातील बराच गोंधळ तेथूनच सुरू होतो. एक मदरबोर्डवरील, नाण्याएवढ्या सेलवर चालणारे, सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या स्फटिकाचे. यंत्र बंद असताना वेळ तेच राखते. दुसरे कार्यप्रणालीचे, जे यंत्र सुरू होताना पहिल्याकडून वेळ उचलते आणि पुढे वेगळ्या स्फटिकाच्या आधारे स्वतंत्रपणे चालते. एनटीपीद्वारे वाटली जाते ती या दुसऱ्या घड्याळाची वेळ. म्हणून हंगाम संपल्यावर चार-पाच महिने बंद ठेवलेला सर्व्हर पुन्हा सुरू करताना सेल उतरलेला असेल, तर तो सर्व साठ यंत्रांना कोणते वर्ष सांगेल याचा नेम नाही. सेल बदलण्याचे काम हंगामपूर्व दुरुस्तीच्या यादीत घालून ठेवावे.

आता चुकीचे प्रमाण पाहू. दहा लाखांत वीस भाग एवढी चूक साध्या स्फटिकात सर्रास आढळते. ती दिवसाला सुमारे १.७ सेकंद, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५२ सेकंद होते. सेलवरच्या घड्याळातील स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वात नेमका चालतो आणि तापमान त्याहून वर गेले किंवा खाली आले तरी मंदावतो. वजनकाट्याच्या पत्र्याच्या केबिनमधील ४५ अंशांत त्याची दिवसाला सव्वा सेकंदाची पिछाडी केवळ उष्णतेमुळे होऊ शकते. आपल्या दोन काट्यांची घड्याळे परस्परविरुद्ध दिशांना सरकत असतील, तर एका महिन्यात त्यांच्यातील अंतर पावणेदोन मिनिटांवर जाते. आणि एकदा हाताने लावलेल्या घड्याळाकडे हंगामभर कोणी ढुंकूनही पाहत नाही, हे आपण जाणताच.

प्रत्यक्ष मांडणीसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. डेलावेअर विद्यापीठातील डेव्हिड मिल्स यांनी घडवलेल्या एनटीपीचा पहिला मसुदा १९८५ मध्ये आला आणि सध्याच्या चौथ्या आवृत्तीचा २०१० मध्ये. त्यात प्रत्येक सर्व्हर आपला स्तर जाहीर करतो. अणुघड्याळाला किंवा जीपीएस ग्राहकाला (उपग्रहांचे संदेश ऐकून वेळ सांगणाऱ्या यंत्राला) थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या स्तराचा, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसऱ्या स्तराचा, असे ते उतरत जाते आणि सोळा या आकड्याचा अर्थ ‘मला वेळ ठाऊक नाही’ असा होतो. स्वतःच्या घड्याळाला प्रमाण मानणाऱ्या सर्व्हरने वस्तुतः सोळाच सांगायला हवे. पण सोळा सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, म्हणून त्याला मुद्दाम एक बराच खालचा स्तर देण्याची सोय ठेवलेली आहे. एनटीपी चालवणाऱ्या जुन्या एनटीपीडी या प्रोग्रॅममध्ये ही सोय १२७.१२७.१.० या लटक्या पत्त्याने मिळते, तर क्रोनी या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही एक ओळ पुरते. हा स्तर दहाच्या आसपास ठेवण्यामागील हेतू एवढाच, की उद्या खरा स्रोत जोडला गेला तर त्याचे वजन या घड्याळापेक्षा आपोआप अधिक भरावे. ‘आपला सर्व्हर महत्त्वाचा, त्याला पहिला स्तर देऊ’ असे म्हणणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. पुढे केव्हातरी खरा स्रोत जोडला गेला, तरी अशा ठिकाणी तो अनेकदा दुर्लक्षितच राहतो.

माझी सूचना अशी. सर्व्हरवर क्रोनी वापरावी, कारण बंद नेटवर्कची तिला सवय आहे. तिच्यात ‘मॅन्युअल’ ही सोय सुरू केली, की आपण मोबाइलवर पाहून हाताने वेळ सांगू शकता. काही दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा अशी वेळ सांगितल्यावर आपल्या घड्याळाची रोजची चाल किती चुकते, याचा अंदाज ती स्वतः बांधते आणि मधल्या काळातही ती चूक वजा करत राहते. दर सोमवारी सकाळी एका माणसाने हे काम करावे आणि वहीत त्याची नोंद ठेवावी. एवढ्याने सेकंद-दोन सेकंदांची अचूकता मिळते व वजनकाट्याला त्याहून अधिक लागत नाही.

हा सर्व्हर एकच असावा. ‘एक बंद पडला तर’ या काळजीने दोन सर्व्हर उभारून दोघांनाही आपापल्या घड्याळावर सोडले आणि दोघांना सारखाच स्तर दिला, तर काही यंत्रे एकाच्या मागे जातील, काही दुसऱ्याच्या, आणि ती पावती पुन्हा संचालकांच्या टेबलावर येईल. दोन घड्याळांत फरक पडला, तर खोटे कोणते हे तिसऱ्याला ठरवता येत नाही. दुसरा सर्व्हर हवाच असेल, तर दोघांनीही क्रोनीच्या ‘लोकल’ ओळीला ‘ऑर्फन’ हा पर्याय जोडावा व परस्परांची नावे आपल्या फाइलमध्ये लिहावीत. मग त्यांच्यापैकी एकच पुढारी होतो व दुसरा त्याच्या मागे चालतो. एनटीपीडीमध्येही याच नावाची सोय आहे. हा सर्व्हर आभासी यंत्रावर (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकावर) चालवू नये, हेही येथेच सांगतो. आभासी यंत्र मूळ यंत्राकडून वेळ घेते आणि मूळ यंत्र एनटीपीने त्याच आभासी यंत्राकडून, अशी वर्तुळे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहेत.

खर्चाची तयारी असेल, तर याहून चांगला मार्ग आहे. छतावर अँटेना लावून जीपीएस ग्राहक सर्व्हरला जोडावा. इंटरनेट नको या आपल्या धोरणाला त्याने बाध येत नाही, कारण तो ग्राहक केवळ ऐकतो, बाहेर काहीही पाठवत नाही. दर सेकंदाला एक नेमका ठोका देणारी तार असलेला ग्राहक घेतला, तर मायक्रोसेकंदांची अचूकता मिळते; यूएसबीचा साधा ग्राहक काही दशांश सेकंद इकडेतिकडे करील. जुन्या साठ्यातील स्वस्त ग्राहक मात्र घेऊ नये. जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते, तशी ती ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्रीही आली, आणि त्याची तजवीज नसलेले ग्राहक तारीख जवळजवळ वीस वर्षे मागची दाखवतात. ग्राहक लावल्यावरही ‘लोकल’ ची ओळ काढू नये. अँटेना माकडांनी तोडली, की तीच उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सर्व्हरवर एनटीपीची स्थिती दाखवणाऱ्या एनटीपीक्यू या आज्ञेने पाहिले, की फरकाच्या रकान्यात कायम ०.००० येते. इतकी अचूकता दुसरीकडे कोठेही दिसली नाही. तरीही सर्व्हरची वेळ माझ्या मोबाइलपेक्षा चार मिनिटे मागे आहे. हे कसे?
— प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : त्या यादीत ज्या ओळीच्या आरंभी तारा आहे, ती ओळ डावीकडून वाचून पाहा. तेथे ‘लोकल’ हे नाव, त्यापुढे ‘एलओसीएल’ ही खूण आणि स्तराच्या रकान्यात बहुधा दहा दिसेल. आपला सर्व्हर स्वतःची वेळ स्वतःशीच ताडून पाहत आहे, त्यामुळे फरक शून्य येण्यावाचून गत्यंतर नाही. खऱ्या बाह्य स्रोताशी तुलना होत असती, तर तो आकडा काही मिलिसेकंदांनी सतत हलत राहिला असता.

त्याच यादीतील ‘रीच’ हा रकानाही पाहावा. शेवटच्या आठ प्रयत्नांपैकी कोणते यशस्वी झाले, हे तो अष्टमान पद्धतीने सांगतो आणि आठही यशस्वी असतील तर तेथे ३७७ येते. आपल्याकडे ‘लोकल’ समोर ३७७ व बाहेरच्या सर्व्हरांसमोर ० असेल, असा माझा कयास आहे. तसे असेल तर महाविद्यालयाच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट बंद आहे. काही जुन्या लिनक्स वितरणांच्या तयार फाइलमध्ये स्थानिक घड्याळाच्या दोन ओळी आधीपासूनच घातलेल्या असत. बाहेरचा मार्ग बंद झाला तरी सर्व्हर त्यांच्या आधाराने ‘माझी वेळ जुळलेली आहे’ असे सांगत राहतो आणि बिघाड महिनोन् महिने लक्षात येत नाही. आपल्याकडे इंटरनेट आहे, तेव्हा त्या ओळी काढून टाकाव्यात. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते. तिचे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे सर्व्हर धरून एकूण चार स्रोत लिहावेत. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही कंपन्या, डेटा सेंटर व सरकारी संस्थांसाठी याच दोन ठिकाणांची किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांची वेळ घ्यावी असे सांगितले आहे. चार अशासाठी, की नामांकित स्रोतही कधी चुकतो. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे सर्व्हर काही काळ २००० हे साल सांगत होते आणि केवळ त्यांच्यावरच विसंबलेली यंत्रे त्यांच्या मागे बारा वर्षे मागे गेली.

मार्ग मोकळा केल्यावर चार मिनिटांची दुरुस्ती मात्र वर्ग चालू असताना करू नये. एनटीपीडी ०.१२८ सेकंदांपेक्षा मोठा फरक एका उडीत मिटवते आणि १,००० सेकंदांहून मोठा फरक दिसला तर काम सोडून बंद पडते. क्रोनीच्या नेहमीच्या मांडणीत उडी आरंभीच्या काही मोजमापांपुरतीच असते. पुढे ती घड्याळाची चाल बदलून हळूहळू जुळवते व चार मिनिटे सुमारे पाऊण तासात भरून काढते. आपले घड्याळ मागे असल्यामुळे उडी पुढे जाईल, एवढे बरे. मागे उडी मारलेल्या यंत्रावर डेटाबेस चालू असेल, तर नव्या नोंदी जुन्या नोंदींच्या आधीच्या वेळेच्या होतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील विंडोज डोमेन सर्व्हर सर्व विंडोज यंत्रांना वेळ देतो, पण लिनक्स यंत्रे त्याची वेळ नाकारतात. तो तर पहिला स्तर सांगतो. मग अडचण कोठे आहे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : त्या सर्व्हरवर डब्ल्यू३२टीएम या विंडोजच्या वेळविषयक आज्ञेने स्थिती विचारली, तर गमतीदार उत्तर मिळेल. स्तराच्या ओळीत ‘पहिला, रेडिओ घड्याळाशी जुळलेला’ अशा अर्थाचे शब्द असतील आणि काही ओळी खाली स्रोत म्हणून ‘लोकल सीमॉस क्लॉक’. म्हणजे हाही सर्व्हर स्वतःच्याच घड्याळावर चालतो आहे. मात्र त्याच उत्तरात तो आपली संभाव्य चूक दहा सेकंदांची असल्याचेही सांगतो आणि लिनक्स यंत्रे नेमका तोच आकडा वाचतात. एकूण अनिश्चितता एनटीपीडी दीड सेकंदापर्यंत व क्रोनी तीन सेकंदांपर्यंत चालवून घेते. दहा सेकंद म्हटल्यावर दोघीही पाठ फिरवतात. विंडोज यंत्रांचे यावाचून अडत नाही, कारण डोमेनमधील लॉगिनला पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदींत, तो दहाचा आकडा शून्य केला, की लिनक्स यंत्रे निमूट वेळ घेऊ लागतात आणि हा उपाय आपल्याला अनेक जण सुचवतील. घड्याळ त्याने तसूभरही सुधारत नाही, फक्त आपली शंका बोलून दाखवण्याचे थांबते. त्याऐवजी एक लिनक्स सर्व्हर बाहेरच्या स्रोतांना जोडावा आणि डोमेनमधील मुख्य सर्व्हराला, म्हणजे ज्याच्याकडे पीडीसीची भूमिका आहे त्याला, त्या लिनक्सकडून वेळ घ्यायला सांगावे. बाकीची विंडोज यंत्रे मुख्य सर्व्हराच्या मागे आपोआप येतील. त्यांना हात लावण्याची गरज नाही.