वाचकांचे प्रश्न : भंडारदऱ्याच्या काठावरून रतनगडाच्या नेढ्यापर्यंत

प्रश्न : डिसेंबरात आम्ही आठजण भंडारदरा धरणाच्या काठी तंबूत मुक्कामाला आहोत. रविवारी सकाळी नाश्ता करून रतनगड चढायचा, नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, बसायचं आणि अंधाराआधी परतायचं, असा बेत आहे. जमेल का? (एक वाचक, नाशिक)

जमेल, पण नाश्ता करून निघालात तर नाही. तंबूंच्या मुक्कामावर नाश्ता बहुधा आठनंतर मिळतो. तुमचा तळ धरणाजवळच्या शेंडी गावाच्या बाजूला असेल तर गडाच्या पायथ्याचं गाव रतनवाडी तिथून रस्त्याने वीसेक किलोमीटर आहे आणि रस्ता वळणांचा. म्हणजे प्रत्यक्ष चालायला दहा वाजतात. मग गडाच्या कातळावरच्या लोखंडी शिड्यांशी पोचेपर्यंत दुपारचा एक, तिथे रविवारची रांग, आणि उतरताना जंगलात काळोख. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण त्या दाट झाडीत साडेपाचलाच पायाखालचं दिसेनासं होतं.

तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाच्या मालकाला सांगून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि उकडलेली अंडी बांधून घ्या. तळ रतनवाडीजवळ निवडलात तर सकाळचा तासभर वाचतो. रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळापासून साडेसहाला, उजाडता उजाडता, पाऊल उचला. रतनगडाची उंची १२९७ मीटर आहे आणि पायथ्यापासूनचा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास. आकडा फार मोठा नाही. वेळ खातात त्या शिड्या आणि माथ्यावरचा पसारा.

पहिला टप्पा प्रवरेच्या काठाने, बराचसा सपाट. समोरच्या जलाशयात १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवलेली प्रवरा ती हीच, इथे जेमतेम ओढ्याएवढी. वाट तिचं पात्र काही वेळा ओलांडते. पुढे जंगलातला उभा चढ. या चढात एक फाटा लागतो : एक वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, दुसरी रतनगडाच्या शिड्यांकडे. इथे थांबून मागच्यांना गोळा करा, कारण गटाचा शेवटचा माणूस चुकतो तो याच ठिकाणी. साडेनऊपर्यंत शिड्यांचा पायथा, दहाच्या सुमारास गणेश दरवाजा आणि गुहा, तिथून पुढे हनुमान दरवाजा, राणीचा हुडा (बुरूज), पाण्याची टाकी, कोकण दरवाजा असं पाहत अकरा-साडेअकराला नेढं. एवढी चाल साधारण तब्येतीच्या माणसाला झेपते.

परतीची वेळ मात्र आधीच ठरवा : दुपारी एक. एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, नेढं शंभर पावलांवर राहिलं असलं तरी. उतरायला तीन तास धरा. उतरताना चूक होते ती ओढ्यापाशी. वाट पात्र ओलांडून पलीकडे जाते आणि दमलेली माणसं कोरड्या पात्रातूनच खाली चालत राहतात. दहा मिनिटं मळलेली पायवाट दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. पुढे पायवाट मिळेल या आशेने खाली उतरत राहू नका. प्रत्येकाजवळ डोक्याला लावायचा दिवा हवाच. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो, आणि उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

प्रश्न : बरोबर दहा वर्षांची मुलगी आणि साठीचे वडील आहेत. शिड्या झेपतील का? (एक वाचक, ठाणे)

शिड्या लोखंडी आहेत आणि कातळाला टेकवलेल्या. ताकदीपेक्षा शिस्त लागते. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. चढताना आणि उतरतानाही तोंड शिडीकडेच. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, चौथा हलवायचा. काठी, कॅमेरा, पाण्याची बाटली बाहेर लोंबकळत ठेवू नका, सगळं सॅकमध्ये जाऊ द्या. मुलीच्या आधी एक जाणता माणूस वर जावा आणि दुसऱ्याने खाली उभं राहून तिला पायरी सांगावी. मात्र शिडीच्या अगदी खाली उभं राहू नये, वरून दगड सुटतात. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी शिड्यांच्या पायथ्याऐवजी अमृतेश्वरापाशीच थांबावं. त्या शिलाहारकालीन देवळाचं आणि पुष्करणीचं कोरीवकाम पाहायला अर्धा दिवससुद्धा पुरत नाही.

नेढ्यात चढायचे शेवटचे कातळटप्पे सोपे आहेत, पण आरपार भोक असल्याने तिथे वारा दाबाने घुसतो. टोपी, ओढणी, कागद आधीच आत ठेवा. मुलीला मधोमध बसवा. एका बाजूला कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग आणि खाली जलाशय असं सगळं बसल्या जागी दिसतं, त्यासाठी कडेला जाऊन उभं राहावं लागत नाही.

प्रश्न : गडावर टाकी आहेत, मग पाणी किती न्यावं? (एक वाचक, पुणे)

माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. टाक्यांतलं पाणी गाळून आणि क्लोरिनची गोळी टाकून, गोळीच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबून मगच प्यावं. उन्हाळ्यात त्या पाण्यावर विसंबू नये. एक बाटली मीठ-साखरेची करा : एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ यापेक्षा वाढवू नका.

प्रश्न : गडाच्या त्र्यंबक दरवाजाने पलीकडच्या साम्रद गावी उतरून फेरी पूर्ण केली तर? (एक वाचक, संगमनेर)

अनुभवी गट असेल आणि साम्रदचा वाटाड्या बरोबर असेल तरच. त्या बाजूच्या कोरीव पायऱ्या उभ्या आहेत, जागोजागी तुटलेल्या. पुढे खुट्ट्याच्या सुळक्याला वळसा घालून वाट दाट रानात शिरते आणि ढोरवाटांत हरवते. गाडी सकाळीच साम्रदला लावून ठेवावी लागते, नाहीतर संध्याकाळी डांबरी रस्त्यावर आणखी पायपीट. पावसाळ्यात ही बाजू सोडाच, रतनवाडीची वाटही नवख्यांनी घेऊ नये. तासाभराच्या पावसात ओढे चढतात आणि परतीची वाट बंद होते.

प्रश्न : मधमाश्यांची भीती कितपत खरी? (एक वाचक, डोंबिवली)

खरी आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. अत्तर, डिओ लावू नका, गडावर चूल किंवा सिगारेट पेटवू नका, ओरडू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान कापडाने झाकून वाटेनेच लांब निघा. काटा नखाने खरवडून लगेच काढा. धाप लागली किंवा ओठ सुजले तर थेट दवाखाना.

प्रश्न : उतरताना पायाच्या अंगठ्याची नखं काळी पडतात. (एक वाचक, सातारा)

पाय बुटात पुढे सरकतो म्हणून. नखं दोन दिवस आधी कापा. उतरण सुरू होण्याआधी टाच मागे ठोकून घोट्याजवळची नाडी घट्ट बांधा, बोटांकडची सैल ठेवा.