अपरिचित उतारा आणि न कळणारे इंग्रजी

प्रश्न : माझी मुलगी परभणी जिल्ह्यात मराठी माध्यमातून दहावीला आहे. धड्यांची उत्तरे तिला पाठ आहेत. मात्र अपरिचित उतारा आला की ती गोंधळते आणि इंग्रजी ऐकून तिला कळत नाही. शिकवणी न लावता काय करावे?
– एक पालक, जिंतूर

उत्तर : इंग्रजीच्या 100 गुणांपैकी 80 लेखी परीक्षेचे आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असल्याने पाठांतर पुरेसे ठरत नाही, ही आपली चिंता रास्त आहे. खरी अडचण ऐकण्याची आहे, कारण आपल्या भागात मुलांच्या कानावर इंग्रजी फारसे पडतच नाही. आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र रोज ऐकावे, आणि तेही त्याच दिवशीच्या मराठी बातम्या आधी ऐकून. विषय ठाऊक असला की अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने लागू लागतो. पहिल्या वेळी केवळ बातमी कशाविषयी आहे एवढेच टिपावे, आणि ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्यास दुसऱ्यांदा ऐकताना नावे, ठिकाणे व आकडे लिहावेत.

वाचनासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. तिने आठवी-नववीच्या पुस्तकांतील न शिकलेले उतारे घ्यावेत, आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा सलग वाचावा आणि शब्दकोश शेवटीच उघडावा. प्रत्येक शब्दाला थांबण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामुळे वाक्याचा धागाच सुटतो. आपणांस इंग्रजी येत नसले तरी रोज तिच्याकडून उताऱ्याचा आशय मराठीत ऐकून घ्या.